कागद कुणी धरला?

जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मी तेहतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. महात्मा फुल्यांचा धडा आला की एक वाक्य ठरलेलं असायचं. 'अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली, तरी जोतीरावांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला.' मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, आणि मी दोन गुण द्यायचो. इतक्या वर्षांत एकाही पोराने विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही, की गुरुजी, डाव्या हाताने लिहिताना कागद कुणी धरला?

आपण लिहितो तेव्हा दुसरा हात कागदावर टेकलेला असतो. तो तिथे आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. २०१९ च्या दिवाळीनंतर आमच्या हिची उजवी बाजू गेली. पुढे काही महिन्यांनी ती डाव्या हाताने पाटीवर रेघा ओढायला लागली, मग कागदावर. पेन्सिल टेकली की कागद सरकायचा. मी समोर बसून दोन बोटांनी तो धरून ठेवायचो. अशाच एका सकाळी तो जुना धडा आठवला आणि मनात आलं, गंज पेठेतल्या त्या घरात कागद कुणी धरला असेल?

हा लेख त्या प्रश्नाचा आहे. पुण्याची पुतणेमंडळी फोनवर विचारतात, 'काका, काकू पूर्ण बऱ्या कधी होणार?' त्यांनाही यात थोडं उत्तर सापडेल.

आधी जोतीरावांचं बघू. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलै १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय एकसष्ट. उजवी बाजू गेली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. थोडं सावरल्यावर त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहायला घेतलं, आणि १८८९ मध्ये ते पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून निघालं १८९१ साली, त्यांच्या पश्चात.

म्हणजे झटका आल्यापासून शेवटपर्यंत सव्वादोन वर्षांहून जास्त काळ तो माणूस घरी होता. आज आपण ज्याला घरगुती पुनर्वसन म्हणतो, ते त्या घरात चाललं होतं. घरात सावित्रीबाई, वय सत्तावन्न. दत्तक मुलगा यशवंत, तो वैद्यकीचं शिक्षण घेत होता. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालं. घरात असं दुखणं असताना लग्नाचा व्याप काढणं म्हणजे काय, हे बायकांना विचारावं. पैशाची ओढाताण तर होतीच. जुलै १८९० मध्ये मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या दांपत्याला मदत करावी अशी विनंती केली होती.

पण त्या सव्वादोन वर्षांतली एक सकाळ कशी जायची, हे कुठे वाचायला मिळत नाही. उठवून बसवायचं कुणी, जेवू कोण घालायचं, न्हाऊ कोण घालायचं? चरित्रात एक वाक्य असतं, सावित्रीबाईंनी सेवा केली. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. आजारपणाच्या काळातलं एकही नाही. असणार तरी कसं? पत्र दूरच्या माणसाला लिहितात. नवरा तर समोरच्या खाटेवर होता. शुश्रूषा करणारं माणूस रात्रंदिवस तिथेच असतं, म्हणून त्याच्या कामाचा कागद उरत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट सत्तरी ओलांडल्यावर कळली, हे कबूल करायला लाज वाटते.

लाज वाटायला आणखी एक कारण आहे. आमच्याच घरात हे मी लहानपणी पाहिलं होतं.

माझी थोरली आत्या बालविधवा, आमच्याकडेच असायची. १९६४ साली तिला 'वारं गेलं'. आमच्याकडे हाच शब्द. कुणी लकवा म्हणतात, कुणी अर्धांग म्हणतात, पण जुनी माणसं म्हणणार वारं. या शब्दामागे मोठी परंपरा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात तोंड वाकडं होण्याला अर्दित आणि अर्धं अंग जाण्याला पक्षवध अशी नावं आहेत. तेल लावणं, शेक देणं, पोट साफ ठेवणं हे उपचार तिथूनच आलेले. आमच्या आत्यालाही निर्गुंडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झालं. कुणीतरी कबुतर आणलं. त्याचं रक्त चोळलं की अंगात ऊब येते आणि हात हलतो, अशी समजूत. हात काही हलला नाही.

आणि मग सगळ्यांनी एकच सल्ला दिला, पडू द्या तिला निवांत. आत्या पडवीत नऊ वर्षं पडून होती. तिला कुणी वाईट वागवलं नाही. माझी आई रोज तिचं सगळं करायची. पण तिला उभं करावं, पाय जमिनीला टेकवावा, असं कुणाच्या मनातच आलं नाही. पाय वाळत गेला, गुडघा आखडला, पाठीला जखमा झाल्या. आईची नऊ वर्षं त्यात गेली आणि आम्ही भावंडं म्हणायचो, आत्याचं नशीब.

तो नुसता आमच्या खेड्याचा अडाणीपणा नव्हता, हे आता वाचून कळतं. जगभरच या दुखण्याचं कोडं फार हळूहळू सुटलं. स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर या वैद्याने १६५८ साली लिहिलं की झटक्याने मेलेल्यांच्या मेंदूत त्याला रक्तस्राव आढळला. म्हणजे हात लुळा पडला तरी बिघाड मेंदूत असतो. तिथली रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने एका रोग्याचा मेंदू तपासला. त्या माणसाला बाकी सारं कळायचं, पण तोंडातून 'टॅन' एवढाच आवाज निघायचा. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढल्या भागात जखम होती. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. म्हणून उजवं अंग गेलं की पुष्कळदा बोलणंही जातं.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग होतो हे सिद्ध व्हायला १९९५ साल उजाडलं. तेव्हा ते तीन तासांच्या आत द्यावं लागे. २००८ च्या एका अभ्यासानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली.

हे साडेचार तास आम्ही कसे घालवले ते सांगतो, कारण त्यातून कुणी शहाणं झालं तर बरं. सकाळी सहाच्या सुमाराला ही तुळशीला पाणी घालत होती. तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबतोय, बोलणं अडखळतंय. मी घाबरलो. शेजारीपाजारी जमले. आमचे दादा म्हणाले, 'अमक्या गावी वाऱ्याचं औषध देतात, एका दिवसात गुण येतो.' तेहतीस वर्षं मुलांना अंधश्रद्धा निर्मूलन शिकवणारा मी, मुकाट्याने जीपमध्ये बसलो. नाकात कसला तरी रस पिळला, दंडाला दोरा बांधला. तिथून निघून लातूरला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. स्कॅनमध्ये गुठळी दिसली. डॉक्टरांनी विचारलं, 'सुरुवात कधी झाली?' मी वेळ सांगितली. ते काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले की आता ते इंजेक्शन देता येणार नाही.

तेव्हा मंडळी, तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला, जीभ जड झाली की आधी घड्याळ बघा आणि थेट स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. मधे कुठे थांबू नका. तिथे जाईपर्यंत तोंडात पाणी किंवा औषधही घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

आठव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर गोळ्यांची नावं होती आणि तोंडी सूचना होती, मालिश करत राहा. बस. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही अगदी मनापासून चुका केल्या. उठवताना मी तिला लुळ्या हाताला धरून ओढायचो. त्याने खांद्याचा सांधा ढिला पडून तिला भयंकर दुखायला लागलं. झोपवून पाणी पाजायचो, मग ठसका. पलंग असा लावला होता की सगळे तिच्या डाव्या अंगाने यायचे, उजवीकडे नुसती भिंत.

मग गावातल्याच एकाने फिजिओथेरपी शिकलेल्या मुलाचा पत्ता दिला. तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. पहिल्याच दिवशी म्हणाला, 'सर, काकूंना हाताला धरून ओढायचं नाही. पाठीमागून आधार द्यायचा. आणि पलंग फिरवा, त्यांना उजवीकडे बघावं लागलं पाहिजे.' हाताखाली उशी कशी ठेवायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ताठ बसवून चमच्याने घोट घोट कसं पाजायचं, हे त्याने माझ्याकडून करून घेतलं. नुसतं सांगून गेला नाही, माझे हात धरून शिकवलं. वर्गात मी मुलांना अक्षर गिरवायला लावायचो, तसं.

या मुलाचं शास्त्र किती नवं आहे हे मी नंतर शोधलं. विसाव्या शतकातही बराच काळ रीत अशी होती की गेलेली बाजू सोडून द्यायची आणि चांगल्या बाजूवर काम भागवायचं. जर्मनीतून आश्रयाला लंडनमध्ये आलेल्या बर्टा बोबाथ या मूळच्या व्यायामशिक्षिकेने १९४० च्या दशकात उलटा विचार केला, गेलेल्या बाजूलाच पुन्हा शिकवून बघू. तिच्या पहिल्या रोग्यांपैकी एक होता सायमन एल्विस हा चित्रकार. गंमत अशी की त्याचीही उजवी बाजू गेली होती, आणि तोही पुढे डाव्या हाताने चित्रं काढायला शिकला. बोबाथबाईंची पद्धत इतरांहून सरस ठरली असं पुढच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण गेलेल्या बाजूकडे पाठ फिरवायची नाही, हा विचार टिकला. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा भाग सरावाने काही कामं उचलतो. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते, दिवसातून शेकडो वेळा.

आपल्याकडे ही विद्या आणणाऱ्यांत एक नाव मराठी शिक्षकांना माहीत असायला हवं. फलटणचं कमला निंबकर बालभवन आपण ऐकून असतो. ज्यांचं नाव त्या शाळेला आहे त्या कमलाताई जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. व्यवसायोपचाराचं शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. पाठोपाठ तिथेच फिजिओथेरपीची शाळाही निघाली, आणि १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. व्यवसायोपचार म्हणजे धंदा शिकवणं नव्हे. बटण लावणं, केस विंचरणं, घास तोंडात घालणं ही रोजची कामंच औषध म्हणून वापरायची, असं ते शास्त्र.

तारखा नीट बघा. १९५० साली मुंबईत शाळा निघाली, आणि १९६४ साली आमची आत्या पडवीत पडली. चौदा वर्षांत ते ज्ञान मांजरा नदीच्या काठापर्यंत पोचलं नव्हतं. आमच्या हिच्यापर्यंत पोचलं, तेही पंधरा दिवस उशिरा आणि कुणाच्या तरी ओळखीने. ज्ञान असणं आणि ते घराच्या उंबऱ्यापर्यंत येणं यांत एवढं अंतर असतं.

बोलण्याचं सांगायचं राहिलं. ब्रोकाच्या रोग्याकडे 'टॅन' होता, हिच्याकडे 'नाही' एवढाच शब्द उरला. चहा हवा? नाही. नको? नाही. दुखतंय? नाही. हवं असलं तरी नाहीच. एकदा रात्री मी वैतागून तिच्यावर ओरडलो, 'एकदा नक्की काय ते सांग की!' तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला सगळं कळत होतं, तोंडात शब्द मात्र दुसराच येत होता. तो फिजिओवाला मुलगा म्हणाला, 'सर, हे बोलणं शिकवणाऱ्यांचं काम वेगळं असतं, पण सध्या एक करा. होकाराला मान, नकाराला हात. आणि पाठ असलेलं काहीतरी बरोबर म्हणा.' संध्याकाळी आरती लावली. ज्या बाईला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तिने माझ्या मागोमाग अख्खं कडवं म्हटलं. लहानपणापासून घोकलेलं आणि चालीवर म्हटलेलं अनेकदा शाबूत राहतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी देवघरासमोर रडलो, एवढं खरं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्या मुलाचं येणं बंद झालं. मला वाटलं, आता मला सगळं येतं. सून होती, मी होतो, माया कमी नव्हती. आम्ही रोज व्यायाम घ्यायचो. सहा महिन्यांनी तो आला तेव्हा हिच्या हाताची मूठ आवळलेली होती आणि टाच जमिनीला टेकत नव्हती. आम्ही सोपे व्यायाम करत होतो आणि दुखणारे टाळत होतो. तिला दुखतंय हे बघवत नव्हतं म्हणून. मायेने केलेली चूक ती हीच.

नंतर मुलाने मला एका अभ्यासाची माहिती वाचून दाखवली. २०१४ ते २०१६ या काळात आपल्याच देशातल्या चौदा रुग्णालयांत १२५० रोग्यांवर तो झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटात त्याशिवाय घरच्या माणसाला पुनर्वसन शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण सारखंच निघालं, शंभरात सत्तेचाळीस. ऐकून आधी मला राग आला. म्हणजे आमच्या राबण्याला काही अर्थच नाही? मग त्या सहा महिन्यांची आवळलेली मूठ आठवली. माझ्या मते याचा अर्थ घरच्यांची सेवा फुकट, असा नाही. चार दिवस शिकवून सगळा भार घरच्यांवर टाकला की भागलं, असं होत नाही, एवढाच आहे. जाणकार माणूस पुन्हा पुन्हा घरी यावा लागतो, चूक दाखवावी लागते. आणि तो गेल्यावर उरलेले तेवीस तास घरच्यांनाच काढावे लागतात. दोघांपैकी एकाला वगळून चालत नाही.

जोतीरावांकडे डॉ. घोले होते आणि सावित्रीबाई होत्या. माझ्या आत्याकडे फक्त आई होती. फरक एवढाच.

सावित्रीबाईंचं पुढचं आपल्याला माहीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ते आपण धड्यात शिकवतो, कारण ते घराबाहेर घडलं. त्याआधीची सव्वादोन वर्षं धड्यात नाहीत. कागद त्यांनीच धरला असेल असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. यशवंतने धरला असेल, एखाद्या सत्यशोधक कार्यकर्त्याने धरला असेल, नाहीतर वर दगड ठेवला असेल. पण शिक्षक मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी अजून वर्गावर असाल तर तो धडा शिकवताना मुलांना हा प्रश्न जरूर विचारा.

आता काकू पूर्ण बऱ्या कधी होणार, त्याचं उत्तर. पूर्ण होणार नाहीत. काठी घेऊन अंगणात फिरते, डाव्या हाताने जेवते, सुपातली ज्वारी निवडते. शब्द शंभरेक आले आहेत. २०२३ च्या चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला गाडीत बसून येडेश्वरीची पालखी बघून आली.

गेल्या महिन्यात तिच्या खात्याच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. सही जुनीशी जुळणार नव्हती. खिडकीवरच्या मुलाने आपुलकीनेच शाईचा पॅड पुढे केला, 'आजी, अंगठा द्या, चालतंय.' ही म्हणाली, 'नाही.' सवयीने मी तिच्या मानेकडे बघितलं. मान हलली नाही, डावा हात आडवा हलला. खरंच नाही म्हणायचं होतं तिला. ही सातवी पास आहे, आणि तिच्या आईला अंगठाच द्यावा लागायचा.

मी नेहमीप्रमाणे कागद धरायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, कागदावर ठेवला, आणि पेन घेतलं. फिजिओवाल्या मुलाने शिकवलं होतं, काम नाही जमलं तरी वजन म्हणून तो हात वापरा. सही करायला पाच मिनिटं लागली. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. कागद हलला नाही.